रोजची खिडकी

कविता लिहिणारा किंवा उत्तम छायाचित्रे काढणारा माणूस आपल्याहून निराळ्या मातीचा असतो, अशी समजूत बहुतेकांच्या मनात घर करून असते. त्याच्यावर प्रतिभेची कृपा झालेली असते, त्याला दऱ्याखोऱ्यांतून हिंडण्याची सवड असते आणि लोकलचे धक्के, विजेची बिले, मुलांच्या परीक्षा यांपासून तो दूर असतो, असे मानले जाते. त्यामुळे नोकरी-व्यवसायात गुंतलेला माणूस मनातली हौस निवृत्तीनंतरच्या काळासाठी मुदतठेवीसारखी बाजूला ठेवून देतो. पैशाच्या मुदतठेवीवर व्याज तरी चढते. हौसेच्या ठेवीवर मात्र बहुधा गंज चढतो.

आपल्याकडील काव्यशास्त्राने या प्रश्नाचा विचार शेकडो वर्षांपूर्वी केला आहे. ‘काव्यप्रकाश’कार मम्मटाने काव्यनिर्मितीचे कारण सांगताना केवळ जन्मजात शक्तीवर बोट ठेवले नाही. शक्ती, निपुणता आणि अभ्यास ही तिन्ही मिळून काव्याचे कारण होतात, असे त्याचे प्रतिपादन आहे. त्यातही निपुणता कशातून येते हे सांगताना त्याने लोक, शास्त्र आणि काव्य यांचे अवलोकन सांगितले आणि त्या क्रमात ‘लोक’ म्हणजे भोवतालचे जग पहिले ठेवले. त्याच्याही आधीच्या दंडीने ‘काव्यादर्शा’त आणखी दिलासा दिला आहे. पूर्वजन्मीचा संस्कार नसला तरी श्रवण-वाचनाने आणि यत्नाने जो वाणीची उपासना करतो, त्याच्यावर ती काही ना काही अनुग्रह करतेच, असे तो म्हणतो. तात्पर्य, पाहणे आणि नित्य पाहत राहणे ही निर्मितीची पूर्वतयारी आहे. आणि पाहण्यासाठी प्रत्येकाजवळ निदान एक खिडकी असतेच.

छायाचित्रणाचा जन्मच खिडकीत

ही खिडकीची गोष्ट छायाचित्रणाच्या बाबतीत तर शब्दशः खरी आहे. आज जगात टिकून असलेले, कॅमेऱ्याने टिपलेले सर्वांत जुने छायाचित्र फ्रान्समधील निसेफोर निएप्स याने १८२६-२७ च्या सुमारास घेतले. डांबराच्या एका प्रकाराचा लेप दिलेला कथिलमिश्रित धातूचा पत्रा त्याने कॅमेऱ्यात बसविला आणि आपल्या ल ग्रा या घराच्या वरच्या मजल्यावरील खिडकीत तो कॅमेरा ठेवून दिला. समोर होते ते काय? शेजारच्या इमारतींची छपरे, एक झाड आणि आकाशाचा तुकडा. चित्र उमटायला इतका दीर्घ काळ लागला की सकाळचे आणि दुपारनंतरचे ऊन एकाच चित्रात दोन्ही बाजूंच्या भिंतींवर पडलेले दिसते. आज हा पत्रा अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाच्या संग्रहात जतन केलेला आहे.

इंग्लंडमधील विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट याची कथा तर ज्यांना ‘आपल्याला काही जमत नाही’ असे वाटते त्यांनी अवश्य ध्यानात ठेवावी. १८३३ मध्ये पत्नीसह इटलीतील कोमो सरोवराकाठी असताना त्याने तेथील दृश्य कागदावर रेखाटण्याचा प्रयत्न केला. मदतीला यंत्र होते, तरीही चित्र साधेना. निसर्गाची ही प्रतिमा कागदावर आपली आपणच उमटली तर काय बहार होईल, हा विचार त्याच्या मनात आला तो या अपयशातून. ऑगस्ट १८३५ मध्ये त्याने लॅकॉक ॲबी या आपल्या घरातील जाळीदार खिडकी एका इवल्याशा कागदावर टिपली. आज उपलब्ध असलेली ही सर्वांत जुनी निगेटिव्ह. ती प्रथम तयार झाली तेव्हा भिंगातून पाहिल्यास खिडकीच्या काचेचे सुमारे २०० चौकोन मोजता येत, अशी नोंद त्याने तिच्याशेजारी करून ठेवली आहे. घरभर ठेवलेल्या त्याच्या छोट्या लाकडी कॅमेऱ्यांना त्याची पत्नी गमतीने ‘उंदराचे सापळे’ म्हणत असे. दूरदेशीचे भव्य दृश्य हुकले आणि घरातली खिडकी हाती लागली, असा हा आरंभ आहे.

एका हाताचा छायाचित्रकार

योसेफ सुदेक हा चेक छायाचित्रकार १८९६ मध्ये जन्मला. पुस्तकबांधणी हा त्याचा शिकलेला व्यवसाय. पहिल्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर जखमी होऊन त्याला उजवा हात गमवावा लागला आणि पुस्तकबांधणीचा मार्ग बंद झाला. एका हाताने करता येण्याजोगा म्हणून तरी कोणी छायाचित्रणाचा धंदा निवडणार नाही. त्या काळातील कॅमेरे आणि त्यांच्या तिवया सांभाळणे धडधाकट माणसालाही जड जाई. सुदेकने मात्र तोच पत्करला आणि प्रागमधील एका घराच्या मागच्या अंगणात असलेल्या लाकडी खोपटात आपला स्टुडिओ थाटला.

१९३९ मध्ये प्राग नाझींच्या ताब्यात गेले. रस्त्यात उघडपणे कॅमेरा घेऊन फिरणे धोक्याचे झाले. तेव्हा सुदेक आपल्या स्टुडिओच्या खिडकीकडे वळला. १९४० ते १९५४ या काळात त्याने त्या एकाच खिडकीची छायाचित्रमालिका घडविली. कधी तावदानावर साचलेले दव, कधी त्यावरून ओघळणारे पावसाचे थेंब, कधी हिमाची नक्षी. काचेपलीकडे अंगणातले वाकडेतिकडे झाड आणि अलीकडे उंबऱ्यावर ठेवलेला पाण्याचा पेला किंवा एखादे फूल. चौदा वर्षांत खिडकी बदलली नाही. ऋतू, उजेड आणि काचेवरचा ओलावा मात्र रोज बदलत राहिला. बाहेरचे जग परक्या सत्तेने बंद केले असता स्वतःच्या मालकीचे जे चार फूट उरले, त्यांतून त्याने आपले काम चालू ठेवले.

बाराव्या मजल्यावरचा एकांत

आंद्रे केर्तेश हा हंगेरीतील बुडापेस्टचा. तरुणपणी तो तेथील शेअर बाजारात कारकून होता, ही गोष्ट बँकेशी नाते असलेल्या वाचकांना विशेष जवळची वाटेल. १९१२ मध्ये त्याने पहिला कॅमेरा विकत घेतला आणि कचेरीच्या वेळेनंतर तो रस्त्यावरची, खेड्यांतली साधी माणसे टिपू लागला. पुढे पॅरिसमध्ये त्याला कीर्ती लाभली. १९३६ मध्ये तो अमेरिकेला गेला. तेथे मात्र बरीच वर्षे त्याची उपेक्षा झाली. १९५२ पासून तो पत्नी एलिझाबेथसह न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन चौकासमोरील इमारतीत बाराव्या मजल्यावर राहू लागला आणि त्या उंचीवरून बर्फातल्या पायवाटा, बाके, झाडे आणि जाणारे-येणारे टिपत राहिला.

१९७७ मध्ये एलिझाबेथचे निधन झाले. केर्तेशचे वय तेव्हा ८३ वर्षांचे होते. अशा वेळी माणूस मिटून जातो. एरवी सोबतीचे वाटणारे घरही खायला उठते. काही काळाने त्याला एका दुकानात काचेचा छोटासा अर्धपुतळा दिसला. त्याच्या मानेच्या आणि खांद्याच्या वळणात त्याला पत्नीचा भास झाला. तो पुतळा त्याने घरी आणला, खिडकीत ठेवला आणि झटपट छायाचित्रे देणाऱ्या साध्या पोलरॉइड कॅमेऱ्याने तो टिपू लागला. सकाळच्या उजेडात काचेत सगळे आकाश उतरे. संध्याकाळी तीच काच केशरी होई. समोरच्या इमारती तिच्यात उलट्या, वाकलेल्या दिसत. या छायाचित्रांचे ‘फ्रॉम माय विंडो’ हे पुस्तक १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ते त्याने एलिझाबेथला अर्पण केले. दुःख त्याने विसरण्याचा यत्न केला नाही. त्याला उजेडात ठेवून तो रोज पाहत राहिला, आणि त्या पाहण्याने त्याच्या दिवसांना पुन्हा सकाळ आणि संध्याकाळ मिळाली.

सहा फुटांचे जग

कवितेच्या प्रांतातही अशीच एक खिडकी आहे. जपानी ‘हायकू’ला आजचे नाव आणि आधुनिक रूप देणारा कवी मासाओका शिकी याचे आयुष्य अवघे ३४ वर्षांचे. १८९५ मध्ये वार्ताहर म्हणून युद्धभूमीवर गेलेला हा तरुण परतताना रक्त ओकू लागला. क्षयाने पुढे पाठीचा कणा गाठला आणि अखेरची वर्षे तोक्योमधील छोट्याशा घरात अंथरुणावर गेली. आई आणि बहीण शुश्रूषा करीत.

शिकीचा आग्रह होता तो ‘शासेई’चा, म्हणजे समोर आहे तसे रेखाटण्याचा. पाश्चात्त्य चित्रकारांची प्रत्यक्ष पाहून रेखाटन करण्याची रीत त्याने आपल्या चित्रकार मित्राकडून जाणून घेतली आणि ती कवितेला लावली. जुन्या संकेतांवरून चंद्र-चेरी लिहिण्यापेक्षा अंगणातला कोंबडतुरा नीट पाहून लिहावा, असे त्याचे म्हणणे. जपानी घरांची सरकती दारे कागदाची असतात. ती मिटली की आजाऱ्याला बाहेरचे काही दिसत नाही. शिष्यांनी १८९९ मध्ये त्याच्या खोलीला काचा बसवून दिल्या, तेव्हा अंथरुणातून दिसणाऱ्या बागेने तो हरखून गेला. सहा फुटांचे अंथरूण हेच आपले जग आहे आणि तेही आपल्याला मोठेच होते, अशा अर्थाच्या शब्दांनी त्याने १९०२ मधील आपल्या दैनंदिनीला आरंभ केला. ती वृत्तपत्रातून क्रमशः प्रसिद्ध होत असे. मृत्यूच्या आदल्या दिवशी, १८ सप्टेंबर १९०२ रोजी त्याने शेवटचे तीन हायकू लिहिले. त्यांचा विषय होता अंगणातल्या मांडवावरचा घोसाळ्याच्या जातीचा वेल, ज्याचे पाणी त्या काळी कफावर औषध म्हणून देत.

मराठीत हायकू रुजविण्याचे श्रेय शिरीष पै यांचे. आचार्य अत्रे यांच्या या कन्येने कविता, कादंबरी, नाटक असे विपुल लेखन केले. परंतु तीन ओळींच्या या इवल्या रचनेने मराठी वाचकाला पाहण्याचा एक नवा मार्ग दिला. हायकूमध्ये उपदेशाला जागा नसते, स्पष्टीकरणाला तर नसतेच. एक क्षण जसा दिसला तसा ठेवायचा आणि बाजूला व्हायचे. छायाचित्रकार बोटाने कळ दाबतो ती क्रिया आणि हायकूची तिसरी ओळ यांत फार अंतर नाही.

बँकेच्या तळघरातला कवी

आजाऱ्याला किंवा एकाकी माणसाला पाहायला वेळ असतो, नोकरदाराला तो कुठला, असा प्रश्न येथे उपस्थित होईल. त्याचे उत्तर लंडनमधील एका बँकेत मिळते. विसाव्या शतकातील इंग्रजी कवितेला नवे वळण लावणारा टी. एस. एलियट मार्च १९१७ मध्ये लॉइड्स बँकेत रुजू झाला आणि १९२५ पर्यंत त्याने तेथे नोकरी केली. परदेशी बँकांचे ताळेबंद तपासून त्यांची कोष्टके करणे हे त्याचे सुरुवातीचे काम. त्याच्या एका खोलीचे वर्णन समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी करून ठेवले आहे. ती खोली रस्त्याच्या पातळीखाली होती. डोक्यावर अगदी हाताच्या अंतरावर पदपथात बसविलेल्या जाड हिरवट काचा होत्या आणि त्यांवरून जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या टाचांचा आवाज दिवसभर घुमत असे.

हीसुद्धा एक खिडकीच; फक्त छतात बसविलेली. १९२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द वेस्ट लँड’ या त्याच्या दीर्घ काव्यात लंडन ब्रिजवरून कामावर निघालेला नोकरदारांचा लोंढा आहे, बँकेच्या परिसरातील किंग विल्यम स्ट्रीट आहे आणि नऊचा ठोका देणारे सेंट मेरी वुलनॉथ हे चर्चही आहे. त्या शेवटच्या ठोक्याच्या नादाविषयी, हे आपण पुष्कळदा अनुभवले आहे, अशी टीप कवीने स्वतः दिली आहे. हे काव्य पूर्ण करण्यासाठी त्याला १९२१ च्या अखेरीस प्रकृतीच्या कारणाने तीन महिन्यांची रजा घ्यावी लागली, हेही खरे. विसावा लागतोच. परंतु रजेत जे लिहून झाले त्याची सामग्री रोजच्या नऊच्या ठोक्याने आधीच जमवून ठेवलेली होती.

काळ्या घोड्याजवळचे टेबल

मुंबईने असा एक कवी पाहिला आहे. कोल्हापूरला जन्मलेले अरुण कोलटकर व्यवसायाने जाहिरात क्षेत्रातील कलावंत होते. चित्रकाराची नजर आणि मराठी-इंग्रजी या दोन्ही भाषांवरील हुकमत यांचा संगम त्यांच्या ठायी झाला होता. ‘जेजुरी’ या इंग्रजी संग्रहाला १९७७ मध्ये राष्ट्रकुल काव्य पुरस्कार लाभला. फोर्ट भागातील काळा घोडा चौकात ‘वेसाइड इन’ नावाचे उपाहारगृह होते. तेथे वर्षानुवर्षे ते बसत आणि समोरचा चौक न्याहाळत. ज्या पुतळ्यावरून चौकाला नाव पडले तो घोडा १९६५ मध्येच तेथून हलविला गेला होता. उरले होते नाव, रहदारीचे बेट आणि त्याभोवती जगणारी माणसे.

२००४ मध्ये त्यांचा ‘काला घोडा पोएम्स’ हा इंग्रजी संग्रह प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात ते निवर्तले. या संग्रहात पहाटे रहदारीच्या बेटावर पहुडलेले रस्त्यावरचे कुत्रे आहे, जुन्या सायकलचा टायर आहे, कावळा आहे आणि पदपथावरच्या माणसांना सकाळी इडली खाऊ घालणारी बाई आहे. कचेरीला जाणाऱ्या हजारो पावलांनी हा चौक रोज ओलांडला असेल. ज्या वस्तू त्यांना अडथळा वाटल्या, त्यांनाच कवीने नायकपद दिले. त्यासाठी त्यांना शहर सोडावे लागले नाही. त्यांनी टेबलही फारसे सोडले नाही.

आणि ज्यांना टेबलखुर्चीचीही चैन नव्हती, त्या बहिणाबाई चौधरी? १८८० मध्ये जळगावजवळच्या असोदे गावी जन्मलेल्या या शेतकरी स्त्रीला अक्षरओळख नव्हती. ऐन तारुण्यात वैधव्य आले. जात्यावर दळताना आणि शेतात राबताना त्यांना ओव्या सुचत गेल्या. सुगरण पक्ष्याचा खोपा, विहिरीवरची मोट, घरातले जाते, मातीतून वर येणारा अंकुर हे त्यांचे विषय. पुत्र सोपानदेव आणि घरातील मंडळींनी त्यांतली काही गाणी टिपून ठेवली म्हणून ती वाचली. बहिणाबाईंच्या निधनानंतर १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ती पुस्तकरूपाने आली आणि महाराष्ट्र थक्क झाला. जी गाणी कोणी टिपली नाहीत ती मात्र जात्याच्या घरघरीत विरून गेली. पाहण्याइतकेच टिपून ठेवण्याचे मोल किती, हे यावरून कळावे.

कॅमेरा आणि लेखणी एका हाती

ही दोन्ही माध्यमे एकाच व्यक्तीने जोपासल्याचे ठळक उदाहरण म्हणजे इराणचे चित्रपट दिग्दर्शक अब्बास किआरोस्तामी. जगभर गौरविलेले हे दिग्दर्शक क्रांतीच्या काळात चित्रपटांचे काम थंडावले तेव्हा साधा कॅमेरा घेऊन निसर्गाची छायाचित्रे काढू लागले. बर्फातली झाडे, वळणाचे रस्ते, आणि पुढे मोटारीच्या पावसाने भिजलेल्या काचेतून दिसणारे धूसर जग त्यांनी टिपले. प्रवासातली मोटार हीच त्यांची खिडकी झाली. त्यांच्या कविताही अशाच, तीन-चार ओळींच्या, एकेका दृश्यावर थांबणाऱ्या. त्यांचे छायाचित्र पाहताना कविता वाचल्यासारखे वाटते आणि कविता वाचताना डोळ्यांपुढे चित्र उभे राहते, याचे कारण दोहोंच्या मुळाशी असलेली नजर एकच आहे.

कळ दाबली म्हणजे पाहिले असे नव्हे

आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. मग प्रत्येकाला ही दृष्टी लाभायला हवी होती. तसे घडत नाही, याचे एक कारण संशोधनाने दाखविले आहे. अमेरिकेतील फेअरफिल्ड विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ लिंडा हेन्केल यांनी विद्यार्थ्यांना एका कलासंग्रहालयात नेले. काही वस्तू त्यांनी नुसत्या निरखायच्या, तर काहींचे छायाचित्र घ्यायचे, असे सांगितले. दुसऱ्या दिवशी चाचणी घेतली तेव्हा छायाचित्र घेतलेल्या वस्तू आणि त्यांचे तपशील विद्यार्थ्यांना कमी आठवले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचे दुसरे निरीक्षण अधिक मोलाचे आहे. वस्तूच्या एखाद्या भागावर भिंग जवळ नेऊन छायाचित्र घ्यायला सांगितले तेव्हा स्मरणशक्ती उणावली नाही, आणि न टिपलेल्या भागाचीही आठवण शाबूत राहिली.

याचा अर्थ उघड आहे. ‘कॅमेऱ्याने पाहिले, आता आपण पाहायला नको’ अशा वृत्तीने काढलेली शंभर छायाचित्रे मनाला रितेच ठेवतात. एकाच गोष्टीच्या जवळ जाऊन, काय घ्यावे आणि काय सोडावे हे ठरवून घेतलेले एक छायाचित्र पाहणाऱ्याला जागे करते. कवितेतील शब्दांची काटकसर हेच काम करते. तीन ओळींत सारे बसवायचे तर आधी काय महत्त्वाचे ते निवडावे लागते आणि निवडण्यासाठी पुन्हा एकदा नीट पाहावे लागते.

रोजकीर्द आणि खतावणी

हिशेबाच्या जुन्या पद्धतीत दिवसाचे व्यवहार घडतील त्या क्रमाने रोजकीर्दीत नोंदवीत आणि मग त्यांची योग्य त्या खात्यावर खतावणी करीत. छायाचित्र आणि कविता यांचे नाते असेच ठेवता येते. छायाचित्र ही रोजकीर्द. शब्द ही खतावणी. ज्यांना आरंभ करावयाचा आहे त्यांच्यासाठी पुढील साधा क्रम उपयोगी पडेल.

प्रथम एक जागा ठरवावी. घरातली खिडकी, गॅलरीचा कठडा, बसचा थांबा, दुपारच्या डब्याच्या वेळी दिसणारे झाड, यांपैकी कोणतीही चालेल. जागा रोजची असावी, म्हणजे तिच्यातला बदल लक्षात येतो. तेथे ठरावीक वेळी दोन-तीन मिनिटे नुसते उभे राहावे आणि मगच एक छायाचित्र घ्यावे, दहा नव्हे. समोरचे सारे दृश्य चौकटीत कोंबण्यापेक्षा एका गोष्टीजवळ जावे: दांडीवर वाळणाऱ्या कपड्याची सावली, भिंतीला फुटलेले पिंपळाचे रोप, चहाच्या पेल्यावरची वाफ.

रात्री ते छायाचित्र पाहून वहीत तीन ओळी लिहाव्यात. ‘सुंदर’, ‘मोहक’, ‘अप्रतिम’ ही विशेषणे काही काळ वर्ज्य मानावीत. काय दिसले, उजेड कोणत्या बाजूने होता, कोणता आवाज होता, एवढेच लिहावे. वृत्त-यमकाची चिंता नको. महिनाअखेर सारी पाने एकदा वाचून त्यांतील दोन-तीन नोंदी निवडाव्यात. त्या पुन्हा लिहून पाहताना कविता कोठे दडली आहे हे हळूहळू उमगू लागते. बहुतेक नोंदी सामान्य निघतील. सुदेकने चौदा वर्षे एकच खिडकी टिपली, ती प्रत्येक दिवस असामान्य होता म्हणून नव्हे.

एक पथ्य मात्र कसोशीने पाळावे. माणसांची छायाचित्रे त्यांच्या संमतीनेच घ्यावीत आणि बँकेसह जेथे मनाई आहे तेथे कॅमेरा खिशातच राहू द्यावा. तेथे डोळे आणि वही पुरेशी आहेत. कोलटकरांनी काळा घोडा चौक शब्दांतच तर टिपला.

बँकेतील काउंटरलाही अनेक जण अजून ‘खिडकी’च म्हणतात. तिच्या आतल्या बाजूला बसणाऱ्याला दिवसभरात किती हात दिसतात! शेतात राबून भेगाळलेले, मेंदीने रंगलेले, निवृत्तिवेतन मोजताना किंचित थरथरणारे, पहिल्या पगाराच्या नोटा पुन्हा पुन्हा मोजणारे. बाहेरच्या बाजूला रांगेत उभ्या असलेल्या ग्राहकालाही आतले चेहरे तितकेच दिसत असतात. या सगळ्याची नोंद कोणत्याही खात्यात होत नाही. दिवस संपतो, रोकड जुळते, कुलपे लागतात आणि ते हात विस्मृतीत जातात. त्यांतला एखादा तरी संध्याकाळी वहीत उतरला, तर वर्षाअखेरीस मागे वळून पाहताना ‘हे वर्ष कसे गेले कळलेच नाही’ असे म्हणण्याची पाळी येणार नाही. पुढील महिन्याच्या वीज बिलाची, परीक्षांच्या वेळापत्रकाची किंवा निवृत्तीच्या तारखेची वाट न पाहता ही वही आजच उघडता येण्याजोगी आहे. पहिल्या पानावर तारीख घालावी, खिडकीशी जावे आणि काय दिसते ते लिहावे.